पेठांनी सांभाळलेले कोल्हापूर

समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या कोल्हापुरात ग्रीकांचा समुद्रदेव मुक्कामाला आहे. टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडनची ही छोटीशी कांस्यमूर्ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडली. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी त्या टेकाडाचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. रोमन बनावटीची कांस्यभांडीही इथे मिळाली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाटवाटांनी कोकणातल्या बंदरांशी व्यवहार करणारी, परदेशी माल विकत घेण्याची ऐपत असलेली वस्ती या नदीकाठी नांदत होती, याचा हा धडधडीत पुरावा.

कोल्हापूर पाहायला येणारे बहुतेक लोक या संग्रहालयाकडे फिरकत नाहीत. त्यांची यादी ठरलेली असते. अंबाबाईचे दर्शन, न्यू पॅलेस, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, जाताना चपलांचा एक जोड आणि गुळाची ढेप. एका दिवसात हे सगळे उरकते. पण या गोष्टी एकाच गावात एकत्र का आल्या, आणि त्यांतल्या इतक्या आजही रोजच्या वापरात कशा राहिल्या, हे समजायचे तर नदी, राजाश्रय आणि पेठा या तिन्हींकडे पाहावे लागते. नदीने पीक दिले, दुभती जनावरे दिली. राजाश्रयाने कुस्ती, नाटक, गाणे आणि सिनेमा यांना छप्पर दिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. त्यानंतर हा वारसा पेठांनी आपल्या अंगावर घेतला. कोल्हापूरचे खरे वैभव या हस्तांतरात आहे.

पंचगंगेचे गणित

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती या पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीजवळचा हा संगम शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. डोंगरमाथ्यावर धो धो पाऊस आणि खाली काळी-तांबडी सुपीक जमीन असा हा पट्टा. तरीही बारमाही ओलितासाठी पाणी अडवणे भाग होते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही दर पावसाळ्यात बातमीचा विषय असतात. 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले' यावर शहरातल्या पूरग्रस्त गल्ल्यांची झोप अवलंबून असते.

पाणी आले, ऊस आला. उसाबरोबर गूळ आला आणि उसाच्या हिरव्या वाढ्यांवर पोसलेल्या म्हशीही आल्या. गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचे कसब अजूनही माणसाच्या डोळ्यांत आणि बोटांत आहे. हंगामात गुऱ्हाळावर गेले की ते दिसते. चरकातून आलेला रस मोठ्या काहिलीत पडतो. जळव्या चुलवाणात चिपाडे सारत आच सांभाळतो. रानभेंडीच्या चिकट पाण्याने रसातली मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. रस दाटत आला की गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. ही परीक्षा चुकली तर गूळ चिघळतो किंवा करपतो. काहील उतरवायची वेळ गुळव्याच ठरवतो आणि त्या क्षणी गुऱ्हाळाचा मालकही त्याच्या तोंडाकडे पाहत उभा असतो.

म्हशींचा थाट तर भर शहरात पाहायला मिळतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गवळी आपल्या म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. फेसाळलेल्या धारोष्ण दुधाचा पेला तिथेच उभ्याने रिकामा होतो. पिणाऱ्यांत तालमीतून आलेली पोरे असतात, तसे नातवाला हाताला धरून आलेले आजोबाही असतात. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना गोंडे-घुंगरे बांधून मिरवतात आणि आपल्या मालकाच्या दुचाकीमागे त्या पळतात. गोकुळ नावाने ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला. पिशवीतल्या दुधाचा एवढा मोठा कारभार याच जिल्ह्यात असताना कट्ट्यावरचा पेलाही टिकून आहे.

अंबाबाई आणि मावळतीची किरणे

गावातले जुने लोक देवीला अंबाबाई म्हणतात, बाहेरचे महालक्ष्मी. काळ्या दगडातल्या या मंदिराचा इतिहास चालुक्य आणि शिलाहार या राजवटींपर्यंत मागे जातो. बाहेरच्या भिंतींवर वाद्ये वाजवणाऱ्या, नृत्य करणाऱ्या स्त्रियांची शिल्पे आहेत आणि गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग शिवाचे स्थान आहे. दर्शनाच्या घाईत भाविकांचे तिकडे लक्ष जात नाही. खांबांच्या ओळीतून हळूहळू चालले तर मंदिर एका दमात बांधलेले नाही, पिढ्यांनी त्यात भर घातली आहे, हे जोडकामावरून कळते. आक्रमणांच्या काळात मूर्ती लपवून ठेवलेली होती आणि १७१५ मध्ये करवीरकर संभाजीराजांच्या कारकिर्दीत तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

देवीची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. एका दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत पोहोचतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हा किरणोत्सव. यामागे खगोल आणि वास्तुकला यांचा हिशेब आहे. सूर्य मावळण्याची जागा रोज क्षितिजावर थोडी सरकते. दक्षिणायनात आणि उत्तरायणात ती ज्या दिवसांत मंदिराच्या अक्षाच्या रेषेत येते, ते दिवस सूर्याच्या दक्षिणेकडच्या टोकापासून जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत. म्हणून एक उत्सव नोव्हेंबरात आणि दुसरा फेब्रुवारीच्या तोंडावर.

किरणे काही वर्षी कमरेपर्यंतच येऊन थांबतात. ढग, धूळ, हवेतली आर्द्रता ही कारणे असतातच, पण महाद्वाराच्या रेषेत उभी राहिलेली बांधकामेही आड येतात. अभ्यासक मोजमापे घेऊन बसतात, कुठल्या इमारतीचा कुठला भाग किती अडथळा करतो याची चर्चा वर्तमानपत्रांत होते. धार्मिक सोहळ्याचे रूपांतर असे नगररचनेच्या प्रश्नात होते आणि त्यावर मत नसलेला माणूस महाद्वार रोडवर सापडत नाही.

मंदिराच्या शेजारी भवानी मंडप आणि जुना राजवाडा आहे. कमानीतून आत गेले की तुळजाभवानीचे देऊळ लागते आणि शेजारीच मोतीबाग तालीम. देवी, दरबार आणि आखाडा यांच्यामधले अंतर चार पावलांचे आहे. गावाचा स्वभाव समजायला एवढी चार पावले चालून पाहावीत.

तालीम नावाची संस्था

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शनिवार पेठ, शुक्रवार पेठ. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, माळकर तिकटी. गंगावेस, रंकाळावेस. जुन्या कोल्हापूरचा नकाशा अशा नावांनी बनलेला आहे आणि प्रत्येक पेठेत तालमी आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण गणपती बसवणे, शिवजयंती करणे, फुटबॉलचा संघ उतरवणे, पूर आला की होड्या आणि जेवणाची पाकिटे घेऊन निघणे, ही सगळी कामेही तालीमच करते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा शहराला याच मंडळांचा मोठा आधार होता.

कुस्तीला एवढे मोठे स्थान मिळाले ते शाहू महाराजांमुळे. १८९४ ते १९२२ या त्यांच्या कारकिर्दीत उत्तर हिंदुस्थानातले नामवंत मल्ल कोल्हापुरात येऊन लढू लागले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी युरोपला गेले असता त्यांनी रोमचे कलोझियम पाहिले आणि तसे मैदान आपल्या गावात हवे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून खासबाग मैदान उभे राहिले. १९१२ मध्ये त्यात पहिल्या लढती झाल्या आणि गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष तिथे उतरला. मैदानाची रचना साधी आणि हुशारीची आहे. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्या सभोवती वर चढत जाणारा गोल उतार. तीसेक हजार माणसे बसली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातली पकड दिसते. पुढच्याचे डोके आड येत नाही. मोठ्या लढतीच्या दिवशी इथे आवाज खालून उसळून वर येतो आणि नामांकित पैलवानाचे नाव पुकारले की उतारावरचा माणूस न माणूस उभा राहतो.

राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेला प्रवास खाशाबा जाधवांच्या गोष्टीत स्वच्छ दिसतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा संस्थान उरले नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवून देणारे ते पहिले खेळाडू. परतल्यावर कुस्त्यांचे फड लावून त्यांनी पैसे जमवले आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले. १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० मध्ये तो किताब मिळवणारे गणपतराव आंदळकर हेही कोल्हापूरच्या मातीत घडले.

आज पेठांची ईर्ष्या फुटबॉलच्या मैदानावरही तितकीच तीव्र आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही संघांची नावेच सांगतात की इथला फुटबॉल आखाड्याच्या अंगणात वाढला. छत्रपती शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा होतात आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की दुपारपासून रस्ते बदलतात. विश्वचषकाच्या दिवसांत गल्ल्यांवर अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, चौकात खेळाडूंचे उंच कटआउट उभे राहतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून आला.

रस्सा, कट आणि चहाचा कप

तालमीचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. तांबडा-पांढरा रस्सा पैलवानांच्या ताटातून सगळ्यांच्या ताटात आला असे कोल्हापूरकर मानतात. दोन्ही रश्शांचा पाया एकच आहे. मटण मीठ, आले-लसूण घालून मंद शिजवले की जे पाणी सुटते ते आळणी पाणी. हे पाणी चांगले उतरले नाही तर पुढचा मसाला काही करू शकत नाही.

पांढऱ्यासाठी खडा मसाला तुपात परततात, खसखस, काजू, तीळ यांचे बारीक वाटण घालतात, त्यात आळणी पाणी आणि शेवटी नारळाचे दूध. दूध घातल्यावर जोराची उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर ते फुटते. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असतो, पण मिरीचा झणका घशात उतरल्यावर कळतो. तांबड्यासाठी भाजलेले सुके खोबरे, कांदा, तीळ, कोथिंबीर यांचे वाटण आणि चटणी लागते. कोल्हापुरी स्वयंपाकघरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेले लाल तिखट. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी मिरची, त्यात धणे, तीळ, खोबरे, खडा मसाला. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाची चटणी करण्यासाठी मिरची कांडप यंत्रांसमोर बायकांच्या रांगा लागतात आणि आख्खी गल्ली शिंकत असते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडी जाते.

खानावळीत सुक्के मटण, ज्वारीची भाकरी, दही-कांदा, लिंबाची फोड आणि दोन वाट्या येतात. वाट्या रिकाम्या झाल्या की वाढपी न विचारता भरतो. पाहुण्याने आधी पांढरा पिऊन घशाची तयारी करावी आणि मग तांबड्याकडे वळावे. चवीची खरी पारख मात्र जत्रेच्या जेवणात होते, कारण मोठ्या पातेल्यात चुलीवर उकळलेल्या रश्शाची गोडी हॉटेलच्या गॅसवर येत नाही.

मटण हा इथे सार्वजनिक विषय आहे. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा पेठांमधून कृती समित्या उभ्या राहिल्या, विक्रेत्यांशी बैठका झाल्या आणि शहरभर आंदोलन पेटले. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटली. पण रविवारचे मटण हा कष्टकऱ्याच्या घरातलाही हक्काचा घास आहे, तो त्याच्या हातून जाऊ नये, ही त्यामागची भावना खरी होती.

सकाळ असते मिसळीची. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, कांदा, लिंबू आणि लालभडक कट. सोबत पुण्या-मुंबईसारखा पाव येत नाही, ब्रेडचे स्लाइस येतात. ब्रेड कट जास्त शोषतो, म्हणून हा जोड जमला. उद्यमनगरातली फडतरे यांची मिसळ, कसबा बावड्याची मिसळ, खासबागेची मिसळ, यांत श्रेष्ठ कोणती यावर दोन कोल्हापूरकरांचे एकमत होणे अवघड आहे. उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत. ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या कामगारांची पोटभर न्याहारी म्हणून तिथे मिसळ रुजली, आणि आज मुंबई-पुण्याच्या गाड्या त्याच बाकड्यांसमोर येऊन थांबतात. कटात बुडवलेला बटाटेवडा म्हणजे कटवडा, तोही चुकवू नये. संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंच्या भेळीची गाडी आणि रंकाळ्याची चौपाटी गजबजते.

कोल्हापूरच्या खाण्यापिण्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान मात्र एका कप चहाचे आहे. गंगाराम कांबळे संस्थानाच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे, पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल सुरू केले. त्यांच्या हातचा चहा सवर्ण पिणार नाहीत हे महाराज ओळखून होते. म्हणून ते आपली गाडी हॉटेलसमोर थांबवत, गंगारामांच्या हातचा चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाने जातीची भिंत चहाच्या टपरीवरही पाडायला घेतली होती. महाराजांच्या पश्चात गंगाराम कांबळे यांनी वर्गणी गोळा करून नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. शहरातल्या दसरा चौकाभोवती शाहूकालीन वसतिगृहे आहेत, आणि बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे डिसेंबर १९५० पासून उभे आहेत, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच ते बसवले गेले. खवय्यांनी मिसळीनंतर या दोन चौकांतूनही चालत जावे.

हातांची कामे

भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमध्ये कापशी, पायताण अशी नावे ऐकू येतात. अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावलेले कातडे, त्याचे थर आणि ते शिवायला कातड्याचीच वादी. चप्पल पहिले काही दिवस चावते, मग पायाचा आकार घेते आणि पुढची काही वर्षे साथ देते. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांचे मिळून आहे, कारण हे काम करणारी घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये अगदी अशाच चपला दिसल्या आणि त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता. कोल्हापुरातून निषेध झाला, भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले आणि तिचे लोक कारागिरांना भेटायला आले. ही दखल चांगलीच आहे. पण दिवसभर पाठ वाकवून एक जोड पुरा करणाऱ्या कारागिराच्या हातात योग्य मोल पडले तरच तिला अर्थ आहे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांनाही हे लागू होते.

पुढची गल्ली गुजरीची. तिथे कोल्हापुरी साज घडतो. त्याच्या पानांत दशावतारांची आणि शुभचिन्हांची रूपे असतात. शहराजवळचे हुपरी गाव चांदीच्या पैंजणांसाठी ओळखले जाते.

याच हातांनी भारतीय सिनेमाचा पाया रचला. पेठेत वाढलेले चित्रकार आणि यंत्रांचे जाणकार बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा इथेच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कंपनीच्या भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आदी मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथेच तयार झाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, पण भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने कोल्हापूरचे नाव चालू ठेवले. स्टुडिओच्या जागेवर विक्रीचे सावट आले तेव्हा कलाकार आणि नागरिक साखळी उपोषणाला बसले. खरी कॉर्नरजवळ बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. सिनेमाच्या यंत्राला असा मान देणारे चौक विरळाच.

रंकाळा तलावाकडेही चित्रकाराच्या नजरेने पाहावे. पाणी ओसरले की उघडा पडणारा दगडी संध्यामठ, पलीकडे १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस आणि मागे डोंगर. आबालाल रहिमान या दरबारी चित्रकाराने याच काठाची निसर्गचित्रे रंगवली. न्यू पॅलेसची शान निराळी. मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या या घडीव काळ्या दगडाच्या राजवाड्यात तळमजल्यावर छत्रपती शहाजी संग्रहालय आहे.

केशवराव भोसले नाट्यगृहाकडे

खासबाग मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले. इकडे मल्लविद्या, शेजारी नाट्यविद्या अशी ही जोडी. ललितकलादर्श मंडळीचे गायक-नट केशवराव भोसले कोल्हापूरचेच. पुढे या नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच आणि खुर्च्या जळाल्या, लागून असलेल्या खासबागेच्या व्यासपीठालाही झळ पोहोचली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगकर्मी जळक्या वास्तूसमोर जमले, अनेकांना रडू आवरले नाही, आणि मागणी एकच निघाली की नाट्यगृह होते तसे उभे करा. राज्य शासनाने निधी जाहीर केला, उरलेल्या दगडी भिंती राखून पुनर्बांधणीचे काम सुरू झाले.

हिवाळ्यात, शक्यतो फुटबॉल आणि गुऱ्हाळांचा हंगाम सुरू असताना, दोन दिवस काढून कोल्हापूरला यावे. सकाळ अंबाबाई आणि मिसळीला द्यावी, दुपार टाउन हॉल आणि चप्पल लाइनला, आणि संध्याकाळी खासबागेसमोर भेळ घेऊन उभे राहावे. नाट्यगृहाचे काम कुठवर आले हे शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारता येईल. लाकूड कोणते वापरताहेत, आवाज पूर्वीसारखा घुमेल का, काम रेंगाळले तर जबाबदार कोण, याची सविस्तर उत्तरे मिळतील. नाटकाशी त्याचा काही संबंध आहे का असे मात्र विचारू नये. पेठेतला आहे, एवढा संबंध त्याला पुरेसा वाटतो.